फिलाडेल्फिया: काय राखलं, काय पाडलं

गुरुवार

भाचा न्यू जर्सीत कॉलिंग्जवूडला राहतो. तिथून पॅटको नावाची लोकल बेंजामिन फ्रँकलिन पुलावरून डेलावेअर नदी ओलांडून थेट फिलाडेल्फियात जाते. पूल १९२६चा. मी आयुष्य बांधकाम खात्यात काढलेला माणूस, तेव्हा आधी पुलाचीच गोष्ट सांगतो. शहराच्या बाजूला पुलाच्या वाटेत सेंट जॉर्जेस हे १७६९पासून मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे असलेलं चर्च येत होतं. चर्चची मंडळी अडून बसली आणि एवढा अवाढव्य पूल चौदा फूट दक्षिणेला सरकवला गेला. चर्च तिथंच आहे, आणि पुलाला ते जवळजवळ खेटून आहे. रस्त्याचं रुंदीकरण आणि वाटेत आलेलं देऊळ यांच्या वाटाघाटीत मी बरीच वर्षं घालवली आहेत. त्यामुळे या चौदा फुटांचं मोल मला कुणी वेगळं सांगायला नको.

विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या इंग्रजानं १६८२मध्ये हे शहर वसवलं. लंडनची १६६५ची प्लेगची साथ आणि १६६६ची आग त्याच्या पिढीच्या डोक्यात ताजी होती. म्हणून त्यानं ठरवलं की इथं दाटी होऊ द्यायची नाही. टॉमस होम या त्याच्या सर्व्हेअरनं डेलावेअर आणि स्कूकिल या दोन नद्यांच्या मध्ये पट्टीनं आखावी तशी चौकटी मांडली. मधले दोन मुख्य रस्ते शंभर फुटी, पाच मोकळे चौक, आणि प्रत्येक घर आपापल्या बागेच्या मधोमध. पूर्व-पश्चिम रस्त्यांना झाडांची नावं दिली: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाईन. कागदावर सगळं देखणं होतं.

पण बंदर होतं डेलावेअरच्या काठी, आणि पोट बंदरावर. लोक काठ सोडून आत जाईनात. पेनचे मोठमोठे भूखंड त्यांनी आपापसांत कापले, विकले, पुन्हा कापले आणि मधून बोळ काढले. एल्फ्रेथ्स अ‍ॅली हा त्यातलाच एक. १७०२च्या सुमारास शेजारी-शेजारी राहणाऱ्यांनी आपल्या हद्दीवर गाड्यांसाठी वाट सोडली, तिचा हा बोळ झाला. पुढं जेरेमाया एल्फ्रेथ या लोहाराचं नाव त्याला लागलं. इथली बत्तीस घरं १७२८ ते १८३६ या काळात बांधलेली आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन दार उघडत होत्या. आमच्यासारखे आठ-दहा जण मोबाइल रोखून उभे होते, पण त्यांनी मान वर केली नाही. सवय झाली असणार.

मी भिंतीशी जाऊन वीटकाम बघत बसलो. दोन नद्यांमधल्या या जमिनीत चांगली चिकणमाती मिळायची, म्हणून हे शहर विटांचं झालं. फ्लेमिश बाँड आहे. एकाच थरात एक वीट लांबीनं आणि पुढची आडवी, म्हणजे नुसतं तोंड दिसेल अशी. भट्टीत आगीजवळ राहिलेल्या विटांच्या तोंडाला काचेसारखी काळसर झिलई येते. त्या निवडून बरोबर आडव्या जागी लावल्या, की साध्या भिंतीवर आपोआप बुट्टी उठते. हे सगळं कारागिरांच्या घरांवर, जिथं दर्शनी भाग जेमतेम एका दाराचा आणि एक-दोन खिडक्यांचा.

दारांच्या वर कुठंकुठं धातूचे छोटे पत्रे ठोकलेले दिसतात. ती आगीच्या विम्याची खूण. बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी १७५२मध्ये विमा संस्था काढली. तिची खूण म्हणजे एकमेकांची मनगटं धरलेले चार हात. दारात झाड असलेल्या घरांचा विमा ही संस्था उतरवीना, कारण झाडामुळे आग विझवायला अडचण होते. मग १७८४मध्ये दुसरी संस्था निघाली. ती अशा घरांचा विमा घेऊ लागली आणि तिनं खूण म्हणून हिरवं झाडच घेतलं. व्यापार असा करावा.

वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर आरसे बसवलेली एक चीजही दिसली. आत बसून, स्वतः न दिसता, दारात कोण आलंय ते कळतं. तिला इथं बिझीबॉडी म्हणतात. ही म्हणाली, “अहो, आपल्या जोशीकाकूंना हे कळलं असतं तर बिचाऱ्यांचे गुडघे वाचले असते. गॅलरीत सारखं उठून यावं लागलं नसतं.”

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बोळाला कळा राहिली नव्हती. पाडापाडी सुरू होणार असं दिसल्यावर १९३४मध्ये रहिवाशांनी संघटना केली, त्यात बायकांचा पुढाकार होता. पुढं महामार्ग येऊ घातला तेव्हा याच संघटनेनं बोळ पुन्हा वाचवला. महामार्ग आलाच, पण थोडा पलीकडून. त्यानं नदी मात्र शहरापासून तोडली. ज्या काठासाठी लोकांनी पेनचा नकाशा मोडला, त्या काठावर जायला आता पुलावरून वाहनांचे लोंढे ओलांडावे लागतात.

क्राइस्ट चर्च (१७४४, मनोरा १७५४) बघितलं, छान आहे. पण दिवसाचं मानकरी ठरलं फ्रँकलिन कोर्ट. मार्केट स्ट्रीटवरच्या घरांच्या मधल्या कमानीतून आत गेलं की एक अंगण लागतं. इथं फ्रँकलिनचं घर होतं. ते १८१२मध्ये पाडलं, आणि नक्की कसं दिसत होतं याची पुरेशी माहिती उरली नाही. १९७६मध्ये, स्वातंत्र्याच्या दोनशे वर्षांच्या निमित्तानं तिथं काहीतरी करायचं होतं. कुणीही अंदाजानं एक ‘जुनं’ घर उभं केलं असतं. रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुविशारदांनी तसं न करता घराची नुसती रूपरेषा पोलादी चौकोनी नळ्यांनी हवेत उभी केली. भिंती नाहीत, छप्पर नाही. खाली जमिनीत झरोके ठेवलेत, त्यातून खऱ्या घराचा पाया आणि शौचखड्डे दिसतात. जेवढं ठाऊक आहे तेवढंच दाखवायचं, हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. हिला नाही आवडला. तिच्या मते ते मांडवाचं काम अर्धवट टाकून मंडपवाला पळाल्यासारखं दिसतं.

शुक्रवार

सिटी हॉल. ब्रॉड आणि मार्केट स्ट्रीट जिथं भेटतात तो पेनच्या नकाशातला मधला चौक या इमारतीनं अख्खा गिळलाय. १८७१ला काम सुरू झालं, १९०१ला संपलं. वास्तुविशारद जॉन मॅकार्थर. सुरू केली तेव्हा पॅरिसच्या धाटणीची ही शैली जोरात होती, पुरी झाली तेव्हा लोक तिला हसत होते. सरकारी कामाचं असंच होतं, मला नवल वाटलं नाही.

नवल वेगळ्याच गोष्टीचं. ५४८ फूट उंची, आणि मनोऱ्याचा बहुतेक भार विटा-दगडांच्या भिंतींवर आहे. पोलादी सांगाडा नाही. म्हणून तळाशी भिंतीची जाडी बावीस फूट. आपल्याकडे बावीस फुटांत दोन खोल्या निघतात. मी खालच्या कमानीतून जाताना हातानं दगड चाचपत गेलो. पहाऱ्यावरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता, ते भाच्यानं पुढं होऊन निस्तरलं.

मनोऱ्यावर ३७ फूट उंच पेन उभा आहे. शिल्पकार अलेक्झांडर मिल्न कॉल्डर. त्याला पुतळा दक्षिणेकडे तोंड करून हवा होता, म्हणजे चेहऱ्यावर ऊन पडलं असतं. बसवला ईशान्येकडे, त्यामुळे दिवसातला बराच वेळ पेनचं तोंड सावलीत. या पेनच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा अलिखित संकेत शहरानं १९८७पर्यंत पाळला. कायदा नव्हता, नुसती रीत. त्या वर्षी वन लिबर्टी प्लेस ही गगनचुंबी इमारत त्याच्या वर गेली. त्यानंतर शहराचे व्यावसायिक क्रीडासंघ विजेतेपद काही जिंकेनात आणि पेनचा शाप लागला अशी बोलवा झाली. २००७मध्ये आणखी उंच टॉवरच्या शेवटच्या तुळईवर कामगारांनी पेनची एक चिमुकली मूर्ती बसवली आणि २००८मध्ये फिलीज ही बेसबॉलची टीम जिंकली. भाचा हे गंभीरपणे सांगतो. इंजिनिअर आहे तोसुद्धा.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा सिटी हॉल पाडावा असं म्हणणारे कमी नव्हते. पण एवढी जाडजूड दगडी इमारत पाडण्याचाच खर्च डोळे पांढरे करणारा निघाला. सौंदर्यदृष्टीपेक्षा अंदाजपत्रकानं वाचवलेल्या वास्तू जगात बऱ्याच असाव्यात.

फ्रँक फर्नेस या वास्तुविशारदाच्या इमारतींचं नशीब तसं नव्हतं. ब्रॉड स्ट्रीटनं उत्तरेला थोडं चाललं की पेन्सिल्वेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्स लागते. फर्नेस आणि हेविट यांची, १८७६ची. लाल वीट, तपकिरी दगड, गुलाबी ग्रॅनाइट, टोकदार कमानी, आखूड जाड खांब, सगळं एकमेकांना ढुशा देत उभं. फर्नेस यादवी युद्धात घोडदळात लढलेला, शौर्यपदक मिळालेला माणूस, आणि इमारतही हल्ल्याला निघाल्यासारखीच आहे. बाजूच्या चेरी स्ट्रीटवरून बघा. तिथं भिंत पेलणारी लोखंडी कैची (ट्रस) त्यानं न झाकता उघडी ठेवली आहे, गिलावा नाही की दगडी पडदा नाही. १८७६मध्ये एवढं धाडस! पुढच्या पिढ्यांना हे सगळं कुरूप वाटलं आणि त्याच्या कित्येक इमारती गेल्या. चेस्टनट स्ट्रीटवरची प्रॉव्हिडंट लाइफ अँड ट्रस्टची बँक १९६०च्या सुमारास पाडली. फोटो बघितले की हळहळ वाटते.

जेवण रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये. १८९३च्या रेल्वे स्टेशनखालचा बाजार. वरून गाड्या जाणं १९८४मध्ये थांबलं, बाजार चालूच. जुन्या चालीनं राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या दुकानातली गरमागरम प्रेट्झेल लोण्यात बुडवून देतात. एवढं पुरे.

संध्याकाळी भाच्याच्या ऑफिसातल्या एका मुलीनं चहाला बोलावलं होतं. ती क्विन्स स्ट्रीटजवळच्या एका बोळात ट्रिनिटीमध्ये राहते. ट्रिनिटी म्हणजे तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली, साधारण बारा-पंधरा फुटांची. स्वयंपाकघर बहुधा तळघरात. मोठ्या रस्त्यांवरच्या श्रीमंत घरांच्या मागच्या परसात अशी घरं कामगारांसाठी, नोकरमाणसांसाठी बांधली जायची. पुढच्या रस्त्यावरून पत्ताही लागत नाही. जिना कोपऱ्यात वळसे घेत वर जातो, पायऱ्या एका बाजूला वीतभर आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या होत संपलेल्या. कठडा नाही, एक दोर लावलाय. पलंग कसा नेला, हे विचारल्यावर ती म्हणाली, “काका, खिडकी चौकटीसकट काढली आणि दोरानं वर ओढला.” सोफा मात्र तिनं घेतलेलाच नाही. हिनं तिसऱ्या मजल्यावर जायला नकार दिला आणि खालीच पुढच्या चहाचं आधण ठेवलं.

मी वर जाऊन माळ्याच्या तुळया बघितल्या. हातानं तासलेल्या, अजून सरळ. गंमत अशी की कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या या एकखणी घरांचं भाडं आता त्या मुलीच्या पगाराचा मोठा लचका तोडतं.

शनिवार

इंडिपेंडन्स हॉल. १७७६चा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना दोन्ही इथलीच, त्यामुळे गर्दी. इमारत १७३२पासून बांधत गेले. मनोऱ्याचा वरचा लाकडी भाग कुजला म्हणून १७८१मध्ये उतरवला. आज दिसतो तो विल्यम स्ट्रिकलंडनं १८२८मध्ये केलेला. म्हणजे नोटेवर छापलेला हा कळस स्वातंत्र्यानंतरच्या पन्नाशीतला आहे. असो. आतली खोली साधी आहे आणि तीच तिची शोभा.

मला जास्त विचारात पाडलं ते बाहेरच्या हिरवळीनं. इंडिपेंडन्स हॉलच्या समोर उत्तरेला तीन ब्लॉक लांब मोकळी जागा आहे. ती पहिल्यापासूनची नाही. तिथं एकोणिसाव्या शतकातल्या दुकानांच्या, गोदामांच्या, कचेऱ्यांच्या इमारतींच्या रांगा होत्या. १९५०च्या दशकात त्या सरसकट पाडल्या, का तर राष्ट्राच्या जन्मस्थानाला आगीचा धोका नको आणि समोरून नीट दर्शन व्हावं. पूर्वेकडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही तेच. चेस्टनट स्ट्रीटवर १८५०ची जेन बिल्डिंग होती, आठ मजली, ग्रॅनाइटची, गगनचुंबी इमारतींची एक पूर्वज. उद्यान खात्यातलेच चार्ल्स पीटरसन नावाचे वास्तुविशारद ती राखा म्हणून सांगत राहिले, तरी १९५७च्या सुमारास ती पाडली. अठरावं शतक पवित्र, एकोणिसावं अडगळ. जुनं राखतो म्हणताना कुठलं जुनं, हे कुणीतरी ठरवतंच, आणि ठरवणाऱ्याला आपली आवड म्हणजेच इतिहास वाटत असते.

सोसायटी हिलमध्ये हेच आणखी बारकाईनं दिसतं. वॉलनटच्या दक्षिणेला नदीकडून आत चालत जा: विटांच्या पदपथांवर झाडांची मुळं उचललेली, पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, दाराशी बुटांचा चिखल खरवडायच्या लोखंडी पट्ट्या. थर्ड स्ट्रीटवरचं पॉवेल हाऊस १७६५चं. त्याच्या दोन खोल्यांचं लाकडी कोरीवकाम विसाव्या शतकात काढून संग्रहालयांना विकलं गेलं होतं, एक न्यूयॉर्कला आणि एक इथल्याच. १९३१मध्ये फ्रान्सेस विस्टर या बाईंनी संस्था काढून घर वाचवलं. थर्ड आणि पाईनच्या कोपऱ्यावर सेंट पीटर्स, १७६१चं. आत बाकांऐवजी लाकडी खोके आहेत, कारण वेदी एका टोकाला आणि प्रवचनाचं व्यासपीठ दुसऱ्या टोकाला. अर्ध्या प्रार्थनेत सगळ्यांनी तोंड फिरवून बसायचं.

१९५०मध्ये हा भाग मोडकळीला आलेला आणि गरिबांचा होता. मग एडमंड बेकन या नगररचनाकाराच्या हाताखाली नूतनीकरण झालं. डॉक स्ट्रीटचा घाऊक भाजीबाजार हलवला आणि त्याच्या जागी आय. एम. पेई यांचे तीन उंच काँक्रीटचे मनोरे १९६४मध्ये उभे राहिले. सबंध वस्ती बुलडोझरखाली घालायची त्या काळातली पद्धत इथं वापरली नाही, हे मोठंच. जुनी घरं सरकारी प्राधिकरणानं घेऊन, ठरावीक नियमांनी दुरुस्त करीन असं लिहून देणाऱ्याला विकली. माझ्यातला इंजिनिअर याला पैकीच्या पैकी गुण देतो. पण त्या दुरुस्तीचा खर्च झेपत नव्हता त्यांनी घर सोडलं, आणि त्यात कृष्णवर्णीय भाडेकरू बरेच होते. विटा जागेवर राहिल्या आणि माणसं बदलली. हे लिहिलेली पाटी मला तरी दिसली नाही.

त्या माणसांची खूण बघायला सिक्स्थ आणि लोम्बार्डच्या कोपऱ्यावर गेलो. मदर बेथेल चर्च. गुरुवारी ज्याच्यासाठी पूल सरकवला म्हणालो, त्याच सेंट जॉर्जेसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायला लागल्यावर रिचर्ड अ‍ॅलन आणि सोबती उठून बाहेर पडले होते. अ‍ॅलन जन्मानं गुलाम, नंतर स्वतंत्र झालेला. त्यानं १७९४मध्ये इथं चर्च सुरू केलं. लोहाराचं जुनं दुकान बैलांनी ओढून आणून त्यात पहिली प्रार्थना झाली, असं सांगतात. आजची इमारत १८९०ची, भक्कम घडीव दगडाची, रंगीत काचांची. जागेची मालकी तेव्हापासून आजतागायत त्यांचीच आहे. देशात कृष्णवर्णीयांच्या ताब्यात इतका काळ अखंड राहिलेली दुसरी जमीन नाही, असं सांगतात. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानं १८९०च्या दशकात घरोघर फिरून सामाजिक पाहणी केली ती इथून पश्चिमेला लागूनच असलेल्या सेव्हन्थ वॉर्डात. सोसायटी हिलच्या नकाशावर चर्च एका कडेला येतं, म्हणून फार कुणी येत नाही. आम्ही गेलो तेव्हा आत लग्नाची तालीम चालू होती.

रविवार

ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरी हा जुना तुरुंग, १८२९चा, जॉन हॅविलंडनं बांधलेला. मधे एक गोल दालन आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या कोठड्यांच्या रांगा. एकट्यानं गप्प राहून माणूस सुधारतो, या क्वेकरांच्या श्रद्धेवर सगळी रचना उभी. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छतात एक झरोका, वाहतं पाणी आणि शौचकूप. त्या काळात अध्यक्षांच्या घरीही ही सोय नव्हती. तरी लोक वेडे होत असं चार्ल्स डिकन्स १८४२मध्ये बघून म्हणालाच. १९७१मध्ये तुरुंग बंद झाला, छपरातून झाडं उगवली. आता तो आणखी पडणार नाही एवढीच डागडुजी करून पडका ठेवलाय. गिलाव्याचे पोपडे तसेच. हा राखण्याचा आणखी एक प्रकार, आणि फ्रँकलिन कोर्टनंतर मला पटलेला दुसरा.

इथून कोरिंथियन अ‍ॅव्हेन्यूनं सरळ उत्तरेला गेलं की रस्ता गिरार्ड कॉलेजच्या फाटकाशी संपतो. आत कोरिंथियन खांबांची फाउंडर्स हॉल ही संगमरवरी इमारत, टॉमस वॉल्टरची, १८४७ला पुरी झालेली. स्टीफन गिरार्ड या सावकारानं मृत्युपत्रात गरीब, अनाथ, गोऱ्या मुलांच्या शाळेसाठी पैसा ठेवला आणि भोवती दहा फुटी भिंत हवी असंही लिहून ठेवलं. भिंत आजही आहे. गोऱ्या मुलांची अट मोडायला १९६८ उजाडलं. त्याआधी महिनोन्‌महिने लोक या भिंतीबाहेर निदर्शनं करत होते, मार्टिन ल्यूथर किंगही १९६५मध्ये इथं येऊन बोलले होते.

भिंत धरून आम्ही मागच्या नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर गेलो. खरं तर हिला पहिल्या दिवसापासून इथंच यायचं होतं. या रस्त्यावर एकविसाव्या स्ट्रीटच्या कोपऱ्याशी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्वेनिया होतं आणि १८८३ ते १८८६ या काळात आनंदीबाई जोशी इथं शिकत होत्या. कॉलेज १९३०मध्ये इथून हललं. बघण्यासारखं आता काही नाही, ही मात्र कोपऱ्यावर बराच वेळ उभी होती. ११ मार्च १८८६ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून आल्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक याच शहरात निघालं, त्याला प्रस्तावना कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची. तोवर आनंदीबाई पुण्यात वारल्या होत्या, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत.

ऑक्टोबर १८८५मधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. रस्त्याच्या एका बाजूला फक्त गोऱ्या मुलांसाठी बांधलेली ती दहा फुटी भिंत होती, आणि समोर या तिघी शरीरशास्त्र शिकत होत्या. मी भाच्याला म्हटलं, तेव्हा सिटी हॉलचा मनोराही अर्धाच चढला असेल, पेन वर गेला १८९४मध्ये. त्यांनी हे शहर परांचींसकट पाहिलं.

भाच्याचं म्हणणं, शहरातलाच जर्मनटाऊन हा भाग बघायचा राहिला. तिथं क्लाइव्हडेन या वाड्याच्या दगडी भिंतींवर १७७७च्या लढाईच्या खुणा आहेत, आणि १६८८मध्ये गुलामगिरीविरुद्धचा अर्जही तिथल्याच क्वेकरांनी लिहिला. मलाही ते बघायचंय. ही म्हणते, आधी पोकीप्सी. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या गावी आनंदीबाईंच्या रक्षेवर दगड बसवलाय. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून लांब, शनिवार-रविवार एकच, आणि गाडी भाच्याची. मामीनं त्याला पुरणपोळीचं कबूल केलंय, तेव्हा जर्मनटाऊनची आशा मी सोडली आहे.